पुढचा तळ

आमची रंगू वैनी उभ्या जन्मात कधी वाट चुकली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता वस्तीवर कुणीही उपटसुंभ येतो आणि विचारतो, तुमची म्हातारी साताऱ्यात चुकली होती म्हणं? चुकली म्हणं! ज्यांना दहिवडीच्या बाजारात आपली मोटारसायकल कुठं लावली ते आठवत नाही, त्यांनी आमच्या वैनीला चुकली म्हणावं. मला असा संताप येतो की बस्स.

मी राहीबाई. बाळासो माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आणि रंगू वैनी त्याची बायको. माहेर आमचं माणदेशात, दहिवडीच्या पुढं उजाड माळावर. आम्ही मेंढरंवाली माणसं. मला दिली कडेगावला, ऊसवाल्यांच्या मुलखात. तिथं मी अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांत राहून माझी भाषा जरा सुधारली, तोंड काही सुधारलं नाही. तेव्हा ऐकायचं असेल तर तसंच ऐकावं लागेल.

वैनी लग्न होऊन आली तेव्हा कोवळी पोर होती, आणि मी तर तिच्याहून बारकी. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपायचं आणि आमचं बिऱ्हाड हलायचं. पुसेगाव, कोरेगाव करत, साताऱ्याच्या कडेकडेनं मेढ्याला, आणि तिथनं खाली कोकणात. पावसाच्या तोंडाला माघारी. या चालण्याची एक रीत असते. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सकाळी कारभारी तळ सांगतो. तळ म्हणजे त्या दिवसाचा मुक्काम, अमक्या ओढ्याकाठी नाहीतर तमक्या वडाखाली. एकदा तळ सांगितला की गडी मेंढरं घेऊन रानारानानं जातात. बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादतात, कोकरं, कोंबड्या, पोरं घेतात आणि रस्त्यानं जातात. दिवसभर नवराबायकोची गाठ नाही. बाई आधी पोचते, तीन दगडांची चूल मांडते, भाकरी करते आणि वाट बघत बसते. मधे घोडं बुजू दे, ओढ्याला पाणी येऊ दे, गडी दिसेनासा होऊ दे, मागं फिरायचं नाही. गाठ पडायची ती पुढच्या तळावर. दोघं एकमेकांना हुडकत फिरले तर दोघंही रानोमाळ होतील, म्हणून ही रीत.

वैनी या रीतीला लय पक्की. एकदा कोरेगावच्या अलीकडं ज्याच्या रानात तळ सांगितला होता, तो शेतकरी ऐनवेळी फिरला. वैनीला म्हणाला, ऊठ इथनं, कुत्रं सोडीन. दादानं तिकडं परस्पर दुसरं रान ठरवलं होतं, पण ते हिला कोण सांगणार? ही घोड्याची दोरी पायाखाली धरून बसली ती बसलीच. मी शेजारी रडत होते. शेतकरी ओरडून ओरडून दमला, त्याची बायको येऊन आम्हाला ताक देऊन गेली. तिन्हीसांजेला दादा हुडकत आला तेव्हा वैनी त्याला एवढंच म्हणाली, की तळ बदलला तर माणूस पाठवावा. तळ म्हणजे तळ. मला तेव्हा ती फार हट्टी वाटली होती.

आणि हौशी तितकीच. लोकांना ते ठाऊक नाही, कारण हौस पुरवायला तिला मिळालं काय? दरवर्षी साताऱ्याच्या कडेनं जाताना किल्ल्याच्या डोंगराच्या पोटाशी चार भिंती दिसायच्या. दादानं कुठंतरी ऐकलं होतं की राण्यांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून कुण्या महाराजांनी ती जागा बांधली. त्यानं ते वैनीला सांगितलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. दरवर्षी ती म्हणायची, आपण दोघं जाऊ की एकदा वर. हायवेच्या कडेला घोडी थांबवून ती बघत राहायची. मोटारसायकलवरनं पोरंपोरी जायची, पोरीचा हात पोराच्या खांद्यावर. ती म्हणायची, ही जोडपी तिकडंच निघाल्यात बघा. मग दादा म्हणायचा, मेंढरं कोण बघंल? झालं. उभा जन्म हाच जबाब. साताऱ्याला वळसा घालून ती म्हातारी झाली, पण साताऱ्यात पाऊल पडलं नाही.

माझा भाऊ वाईट माणूस नाही. दारू नाही, मारहाण नाही. वैनीला ताप आला की रात्रभर घोंगडं पांघरून दाराशी बसायचा, पण आत येऊन कपाळाला हात लावायचा नाही. चारचौघांत बायकोकडं बघणंसुद्धा त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं. रस्त्यानं निघाले की तो पुढं आणि ती मागं, मधे एखादं तट्टू जाईल एवढं अंतर. आमच्यात सगळेच तसे, पण हा जरा जास्तच.

गेल्या वर्षी वैनीच्या पोटात दुखायला लागलं. तिनं ते अंगावर काढलं, दुसरं काय करणार? मल्हार, तिचा लेक, पुण्याला कंपनीत असतो. तो आला आणि तिला मिरजेला घेऊन गेला. मी कडेगावहून तिथं जात होते. डॉक्टरांनी मल्हारला बाजूला घेतलं, आणि मी काही बाजूला झाले नाही, म्हणून मीही ऐकलं. पिशवीचा कॅन्सर, पार पसरलेला. कापण्यात अर्थ नाही, घरी न्या, दुखण्याच्या गोळ्या देतो, आणि त्यांना जे आवडतं ते करा. वैनीला आम्ही सांगितलं, गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल. ती आमच्याकडं अशी बघत राहिली की मीच खाली मान घातली. जन्मभर आजारी मेंढरं हातानं चाचपलेली बाई ती, तिला काय कळत नव्हतं?

शिमगा झाला होता, वैनीच्या दुखण्यापायी त्या वर्षी मेंढरं कोकणात गेलीच नव्हती. मी माहेरी गेले होते. जेवणं झाल्यावर मल्हारनं विचारलं, आई, कुठं जावंसं वाटतं का? गाडी करतो, देवाला जाऊ. वैनी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "देवाला नगं. साताऱ्याला जायाचं. ह्यांच्यासंगं. दोघंच."

सून प्रांजल ओठ चावून हसू दाबत होती. आणि आमचा दादा? उठला आणि सरळ बाहेर मेंढरांच्यात जाऊन उभा राहिला. मी मागनं गेले आणि चांगला फैलावर घेतला. म्हटलं, लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा? तो पुटपुटला, मेंढरं... मी म्हटलं, ते तोंडातनं काढलंस तर बघ. मेंढरं बिरदेव बघंल. बिरदेव आमचा पुतण्या, तसाही तोच बघतो आता. दादा म्हणाला, तिला चालवत न्हाई राही, भिंतीला धरून धरून मोरीपर्यंत जाती. मी म्हटलं, मग रिक्षा कर, पाठीवर घे, काय वाटेल ते कर. तिनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. खरं तर पहिल्यांदा नव्हे, ऐकलं पहिल्यांदा गेलं.

मल्हारनं गाडी सुचवली तर वैनीनं नाही म्हणून सांगितलं. एसटीनं जायचं, एका बाकावर बसून. माझी रजा संपली होती, मी कडेगावला परतले. तेव्हा पुढचं मी सांगते ते काही वैनीच्या तोंडचं, काही दादाच्या, आणि दोघांचं एकमेकांशी तंतोतंत जुळतं.

निघायच्या सकाळी प्रांजलनं सगळी तयारी करून दिली. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून वैनीकडं दिली. फोन घरात एकच, तो दादाच्या बंडीत. दुखण्याच्या गोळ्याही त्याच्याकडंच, दुपारी जेवणानंतर एक द्यायची. पोरगी गुणाची आहे, तिला दोष नाही. तिनं सासऱ्याला पाच-सहा वेळा बजावलं, की मामा, शहर आहे, चुकामूक झाली तर जिथं आहे तिथंच उभं राहायचं. अजिबात हलायचं नाही. तिचं बरोबरच होतं. शहरातली रीत तीच आहे, अंगणवाडीच्या पोरांना मीही तेच शिकवते. पण हे तिनं दादाला सांगितलं. वैनी तेव्हा आत इरकल नेसत होती. तिला सांगायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंतही न जाणारी बाई नवऱ्याला सोडून कुठं जाणार?

एसटीत दोघं एका बाकावर बसले. वैनी खिडकीशी. पुसेगाव गेलं, कोरेगाव गेलं, जिथं जिथं ती घोडी घेऊन चालली होती तो सगळा रस्ता तिनं बसून बघितला. ती मला म्हणाली, वन्सं, चालताना कवा ही झाडं बघितलीच न्हाईत, घोड्याच्या पायाकडंच बघत हुते. सातारा जवळ आला तसा तिनं विचारलं, आज कसं कसं जायाचं? आणि दादानं सवयीनं, कारभाऱ्याच्या आवाजात सांगितलं, आदी राजवाडा, तितनं चार भिंती, मग स्टँड. वैनीनं मान हलवली. झालं, तळ सांगून झाला. दादाच्या हे ध्यानात आलं नाही. तिच्या आलं.

स्टँडवरनं रिक्षानं राजवाड्याला गेले. गोलबागेत सावलीला बसले. वैनीनं कुल्फी खाल्ली, आणि अर्धी दादाला दिली. त्यानं इकडंतिकडं बघून घेतली. तिला तिथं फार बरं वाटलं म्हणे, पोटातलं दुखणं जरा मागं सरलं. मग ती म्हणाली, मोती चौकातनं जरा चालू. दादा उठला आणि लागला पुढं चालायला. तिनं मागनं हाक दिली, की जरा बाजूनं चाला. दादा थांबला. ती जवळ आली. मग दोघं शेजारी शेजारी चालले. दादा मला सांगताना म्हणाला, राही, पाय कुठं टाकावा तेच कळंना, तिची चाल ल्हान, माझी मोठी. पण जमलं. पेढ्याच्या दुकानात कंदी पेढे घेतले, तिनं एक तिथंच तोंडात टाकला, आणि दोघं पुन्हा बाजूबाजूनं निघाले. वैनी मला म्हणाली, त्यांचा हात माझ्या हाताला लागत हुता. हे सांगताना म्हातारी लाजली. मरायला टेकलेली बाई लाजली, आणि मला हसावं का रडावं कळेना.

आणि तेवढ्यात समोरनं जोतिबा आला. जोतिबा आमच्याच बाजूचा, लांबचा पाहुणा, लोकर विकायला साताऱ्याला येतो. नेमका तो! दादाला तो दिसला मात्र, आणि माझा शहाणा भाऊ बायकोपासनं बाजूला झाला. पाहुण्यानं आपल्याला असं बघितलं तर वस्तीवर काय सांगेल, या धास्तीनं चार ढेंगा टाकून एकटाच असल्यासारखा पुढं गेला. जोतिबाला रामराम केला, त्याला घेऊन रस्त्याच्या कडेला, एका दुकानाच्या पायरीशी उभा राहिला, आणि मेंढरांचं, पावसाचं, लोकरीचं बोलत बसला. तोंड भिंतीकडं आणि पाठ रस्त्याकडं.

आता वैनीनं काय करावं? आमच्यात गडी माणसं बोलत उभी असली की बाईनं तिथं थांबायचं नसतं. पदर पुढं ओढायचा आणि वाट धरायची. ती तेच करत आली होती, आणि तेच केलं. दादाच्या पाठीमागनं, हाताच्या अंतरावरनं ती गेली. तिला वाटलं, ह्येंनी बघितलं. तिला वाटलं, गडी आता त्यांच्या वाटेनं येतील, आपण आपल्या वाटेनं जायचं, तळ तर सांगितलेलाच आहे. मोती चौकातनं पुढं तिनं एका फुलवालीला विचारलं, चार भिंतीला कुठनं जात्यात? फुलवाली म्हणाली, आजी, लय चढ हाय. वैनी म्हणाली, असू दे की.

जोतिबा गेला. दादा वळला. वैनी नाही.

पहिल्यांदा त्याला वाटलं, दुकानात असेल. मग वाटलं, मागं पेढ्याच्या दुकानाशी बसली असेल. दोन गल्ल्या बघितल्या, गोलबाग बघून आला. मग प्रांजलचं बोलणं आठवलं, की हलायचं नाही. तो पेढ्याच्या दुकानासमोर येऊन, फेटा नीट करून उभा राहिला, जिथं ती शेवटची त्याच्या शेजारी होती. उन्हात. दुकानदार भला माणूस, त्यानं पाणी दिलं, आत बसा म्हणाला. दादा म्हणाला, आत बसलो तर तिला दिसणार न्हाई. दुकानदारानंच मल्हारला फोन लावून दिला. मल्हार पुण्याहून ओरडला, तात्या, तिथनं हलू नका, मी निघालो. म्हणजे दुसऱ्यांदा तेच. पोलीस आले, त्यांनीही विचारपूस केली, आजारी आहेत म्हणता, मग कितीशा लांब जाणार? जवळपासच असतील. आसपासच्या गल्ल्या, देवळं, दवाखाना, स्टँड, सगळं बघितलं. सगळे जवळ शोधत होते. दादा स्वतःच सगळ्यांना सांगत होता, तिला चालवत न्हाई, ती लांब जायाची न्हाई. दुपार झाली, गोळीची वेळ झाली, तो बंडीतली गोळ्यांची पट्टी काढून बघायचा आणि परत ठेवायचा.

आणि ती? फुलवालीनंतर ती कुणालाच काही विचारत नव्हती, कारण ती चुकली नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यावर बसत, कठड्याला धरत, ती चढ चढली. कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक. मला म्हणाली, पाय न्हेत गेलं. वर पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. सावली बघून बसली, भाकरीचं फडकं पुढ्यात ठेवलं आणि वाट बघायला लागली. खाल्लं नाही. तळावर गडी यायच्या आधी बाई जेवत नाही. तास-दीड तासानं पोटात कळ सुरू झाली. गोळ्या खाली मोती चौकात. तिथं बसलेल्या एका पोरीनं तिला पाण्याची बाटली दिली, विचारलं, आजी, कुणाची वाट बघताय? कुणाला फोन करून देऊ का? वैनी म्हणाली, नगं, मालक येत्यात. ती पोरगी आणि तिचा जोडीदार आणखी थोडा वेळ थांबले आणि गेले. दुसरी जोडपी आली, तीही बसून, बोलून, फोटो काढून गेली. ही पोट दाबून बसलेली.

मला कुणी कळवलं नाही. माझ्या तोंडाला सगळे भितात ना, म्हणून. दिवस मावळतीला आल्यावर दादाचाच फोन आला. म्हणाला, राही, रंगू सापडंना. सकाळधरनं सापडंना. मी सगळं ऐकून घेतलं, जोतिबापासनं. माझ्या तोंडात पहिला प्रश्न आला तो हाच, की दादा, तळ कुठला सांगितला होतास?

तो म्हणाला, "चार भिंती." आणि लगेच म्हणाला, "पर तिला कुठलं चालवतंय गं तितवर?"

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दिवसभर तो माणूस तिथं उभा होता आणि हे त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण त्यानं धरूनच टाकलं होतं की आपली बायको आता चालणारी राहिली नाही. आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. मिरजेच्या त्या कागदांनंतर ती आमच्या लेखी नुसती दुखणाईत होती. ती अजून रंगू आहे हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

घाटात अडकून पडलेला मल्हार तेवढ्यात पोचलाच होता. त्याच्या गाडीतनं दोघं जाईल तिथपर्यंत गेले आणि पुढं दादा पळाला. या वयात, काठी टाकून पळाला. पोरंपोरी खाली उतरत होती, त्यांच्यातनं वाट काढत. दिवस मावळला होता, पण अजून उजेड होता. वैनी भिंतीला टेकून अंगाचं मुटकुळं करून बसली होती, तोंड सुकून काळं पडलेलं. पुढ्यात भाकरीचं फडकं, तसंच गाठ मारलेलं. तिनं त्याला बघितलं आणि रोज तळावर म्हणायची तसंच म्हणाली, "लय उशीर केलासा."

दादा तिच्यापुढं मटकन बसला. म्हणाला, मी खाली उभा व्हतो दिसभर, प्रांजलनं सांगितलं व्हतं, चुकलं तर हलायचं न्हाई. वैनीला त्या बोलण्याचा अर्थच लागेना. कोण चुकलं? ती त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आवं, पर तळ तर तुमीच सांगितला व्हता."

त्यानं गोळी काढली, तिला दिली. बाटली स्वतः तिच्या तोंडाला लावली. ती म्हणाली, भाकरी खावा आदी, सकाळधरनं काय न्हाई तुमच्या पोटात. आणि फडक्याची गाठ सोडायला लागली, पण बोटांत जोर नव्हता. मल्हार मागं उभा राहून हे सगळं बघत होता. तो मला म्हणाला, आत्ती, तात्यानं ती वाळकी भाकरी खाल्ली, रडत रडत खाल्ली, आणि आई त्याला चटणी वाढत होती.

तिला उठवेना. दादानं तिला पाठीवर घेतलं. जन्मभर चारचौघांत जिच्याकडं बघितलं नाही, तिला पाठकुळी घेऊन तो सगळ्यांदेखत उतरला. लोक बाजूला होत होते. मल्हार म्हणत होता, मला द्या, मला द्या, पण त्यानं दिली नाही. उतरताना त्यानं तिला सांगितलं, रंगू, तू बरी झालीस की आपण परत येऊ, दोघंच येऊ, मी बाजूनं चालतो. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. म्हणाली, "नगं आता. बघून झालं."

त्यानंतर ती अंथरुणातनं उठली नाही. त्या चढानं तिचं काही वाढलं का, असं मी मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, नाही, हे असंच होणार होतं. असं ते सगळ्यांनाच म्हणत असतील. मी रजा काढून तिच्या उशाशी येऊन राहिले. तिनं मला तो दिवस चार वेळा सांगितला, दरवेळी पहिल्यापासनं, कुल्फी, पेढे, झाडं. राग कुठंच नव्हता. मी तिच्यावर चिडले, म्हटलं, वैनी, अगं एक शिवी तरी दे त्याला, पाहुणा दिसला म्हणून तुला सोडून गेला तो. ती म्हणाली, गडी माणसाचं असंच असतंय वन्सं. दादा दिवसभर तिच्याजवळ बसायचा, तिचा हात हातात घेऊन, कुणीही येवो. आता त्याला कुणाची लाज वाटत नव्हती. आता त्याचा काय उपयोग होता? तिला बहुतेक वेळ गोळ्यांची गुंगी असायची, हात कुणाच्या हातात आहे हेही तिला कळत नसावं. पाऊस पडायच्या आधी ती गेली.

दादा आता मेंढरांकडं जात नाही. बिरदेव एकटाच बघतो. दादा दिवसभर वस्तीच्या तोंडाशी बसतो, आणि साताऱ्याहून कुणी आलं की त्याला एकच विचारतो, चार भिंतीवरनं मोती चौक दिसतो का? कुणी म्हणतं, दिसतो की, सगळं दिसतं. कुणी म्हणतं, कुठलं, मधे किती घरं आहेत. कुणाच्याही बोलण्यानं त्याचं समाधान होत नाही. त्या संध्याकाळी तो वर गेला खरा, पण त्यानं वळून खाली बघितलंच नव्हतं. मी माहेरी गेले की मलाही विचारतो, राही, मी खाली उभा व्हतो ते तिला दिसलं का, तुला काय म्हनली का ती? मी त्याच्यावर खेकसते, म्हणते, मला काय माहीत, मी कुठं गेले होते तिथं? आणि मी आत जाऊन चुलीपुढं बसते.

म्हणाली होती. चौथ्या वेळी सांगताना म्हणाली. वरनं सगळं दिसतं वन्सं, आपण घोडी घेऊन जायाचो तो रस्ता दिसतो, राजवाडा दिसतो, गर्दीतले फेटेसुद्धा दिसत्यात. डोळ्यांना पाणी येईस्तोवर मी एकेक फेटा बघत हुते. सगळा सातारा दिसला. ह्येच तेवढं दिसलं न्हाईत.